सोडण्याचे कारण

साडेबारा टक्क्यांच्या फायलीत एक कागद कमी पडला,
म्हणून सत्तरी ओलांडल्यावर
मी पुन्हा शाळेत गेलो.
शाळेला आता तीन मजले. जिन्यात
कुणाचा तरी डबा सांडलेला.
कारकून मुलगी म्हणाली, "आजोबा, साल?"
म्हटलं, नवे पैसे यायच्या आधीचं.
तिला वाटलं गंमत करतोय.

पण आम्ही सालं तशीच मोजायचो.
गोठवलीची शाळा तेव्हा मिठाच्या कोठारात.
शिमग्यानंतर मीठ आत यायचं, शाळा बाहेर,
चिंचेखाली, फळा खोडाला टेकून.
मचवे भरून गेले की आम्ही पुन्हा आत,
भिंती चाटून बघत.
पाट्यांना घाम सुटायचा,
पेन्सिल नुसती घसरायची,
आणि खळदकर गुरुजी, सासवडकडचे, कोरड्या मुलखातले,
वर्षभर समजत होते
की आम्हीच थुंकी लावतो.

उधाणाला निम्मा वर्ग गायब.
गुरुजींनी छड्या मारल्या, मग निरोप धाडले,
मग एका रात्री कुणाच्या तरी बापाने
त्यांच्या हाती कंदील देऊन
त्यांना बांधावर उभं केलं.
खांड गेली होती,
आणि अख्खं गाव चिखलाच्या ढेपा वाहत होतं.
त्यानंतर हजेरीपटाच्या समासात
तारखेशेजारी तिथी दिसू लागली.
पुनवेला, आवसेला
कुणीच गैरहजर नाही. नुसतं टिंब.

मला शाळेत बाय आणायची. चांगुणा.
मधल्या खाजणात मी कमरेइतका रुतायचो,
म्हणून तिच्या पाठुंगळी.
मला आत सोडून ती उंबऱ्याबाहेर जाळं विणत बसे,
ओहोटीची वाट बघत.

एकदा दिपोटी आला, मचव्यातून,
बूट हातात घेऊन.
पाय न पुसताच त्याने विचारलं, "सतरा पाऊण?"
कोठार गप्प.
गुरुजींच्या गळ्याचा कंठमणी वर गेला, खाली आला.
दाराबाहेरून आवाज:
"पावणेतेरा."
दिपोटी वळला तेव्हा ती जाळ्याची गाठ दाताने ओढत होती.
"हिचं नाव पटावर आहे का?"
"मना नको," ती म्हणाली, "त्याचाच लिवा."

पुढे नवे पैसे आले.
पावकी, निमकी, औटकी,
सगळं पाठांतर एका दुपारी मोडीत.
वाणी आण्याचे सहा धरी;
वरचा पाव कुठे गेला
ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

"सापडलं," मुलगी म्हणाली.
मढवी हाशाराम कान्हा. जन्म एक जून.
त्या पानावर सगळेच एक जूनला जन्मलेले.
माझ्या चार ओळी खाली, निळ्या शाईत,
गुरुजींच्या उभट अक्षरात:
मढवी चांगुणा कान्हा.
दाखल, दिपोटी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.
हजेरी, टिंबं धरून, चौतीस.
सोडण्याचे कारण:
धाकटा भाऊ आता स्वतः चालत येतो.

मला ठाऊक नव्हतं. तिलाही नसावं.
ती तळोज्याला असते, गुडघे गेलेत.
मागच्या चैत्रात तिला गाडी करून आणली होती,
वकिलासमोर, हक्कसोडपत्रासाठी.
"सही येते का?" वकिलाने विचारलं.
मीच म्हणालो, "नाही, अंगठा घ्या."
तिने अंगठा पुढे केला. नंतर शाई
पदराला न पुसता
माझ्या रुमालाला पुसली.
हक्क सोडण्याचे कारण त्या कागदावरही छापलेलं होतं:
भावावरील प्रेमापोटी.

"दाखला एकच ना?"
"एकच," मी म्हणालो.
पहिल्या मजल्यापर्यंत उतरलो.
मग पुन्हा वर चढलो, कठडा धरून,
दुसरा अर्ज मागायला.
खिडकी बंद. जेवणाची सुट्टी.
खाली पटांगणात पोरं ओरडत होती,
आणि मी बाकावर बसून
अठरा पाऊण किती ते आठवत होतो.